मातीची गाडी आणि मागण्याची यादी

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढच्या आठ वर्षांत लोहमार्ग शहापूर तालुक्यातून थळ घाटाच्या पायथ्याशी पोचला. १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. किन्हवली मात्र रुळांपासून लांबच राहिली. शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या या पट्ट्याला गाडी पाहायची तर आसनगावचे स्थानक गाठावे लागते, आणि कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी तर इथल्या म्हाताऱ्यांनीही लहानपणापासून ऐकलेली. अशा भागात आगगाडी मुलाला आधी ऐकून माहीत होते, खूप नंतर डोळ्यांनी दिसते, आणि मधल्या काळात दोऱ्यात ओवलेल्या काड्यापेट्यांच्या रूपाने अंगणात धावते. जत्रेतली पत्र्याची, किल्ली देऊन चालणारी गाडी मिळाली तर मिळाली. नाही तर तिचे नाव पुढच्या वर्षीच्या मागण्यांत जाऊन बसते. आज साठीला आलेली कितीतरी माणसे अशा जुन्या गाड्या शोधून, जास्तीचे पैसे मोजून विकत घेतात. तेव्हा मागितलेली आणि न मिळालेली वस्तू आता आपल्याच कमाईतून स्वतःला देतात. हा छंद म्हणून सोडून देता येईल, पण त्याच्या पोटात एक धार्मिक प्रश्न आहे. गेलेल्या बालपणाच्या वस्तूंची ओढ ही सोडायची वासना आहे की जपायचे स्मरण? आपल्या परंपरेने वासनेला बंधन मानले आणि स्मरणाला साधन. ही ओढ दोन्हीकडे बसेल अशी दिसते, म्हणून निवाडा करावा लागतो.

आधी विरोधातली बाजू पुरती मांडू, कारण ती भक्कम आहे. वासनांना आरंभ नाही असे पतंजलींचे योगसूत्र सांगते, आणि कारण देते ते असे की जगावे, मिळावे ही इच्छाच मुळी कायमची आहे. म्हणजे यादी कधी संपत नाही. वरची ओळ खोडली की खाली नवी उमटते. महाभारतातल्या ययातीने तर गेलेले वयच परत मागून घेतले. पुरूचे तारुण्य अंगावर घेऊन हजार वर्षे भोगल्यावर त्याला उमगले की उपभोगाने इच्छा शमत नाही, वाढते. संग्राहक म्हणजे छोटा ययाती, असे कोणी म्हटले तर ते लगेच खोडून काढता येणार नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये किल्लीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. अमेरिकेत लायनेल कंपनी १९०० पासून होती, आणि तिथल्याच सीअर्स कंपनीने १९३३ मध्ये नाताळच्या मागण्यांसाठी खास सूचीपत्र छापले. त्या काळच्या गाड्यांपैकी आज सर्वांत जास्त मोल कशाला येते, तर मूळ खोक्यातून कधी बाहेर न निघालेल्या गाडीला. एकही मूल जिच्याशी खेळले नाही ती सर्वांत मौल्यवान, यात मला खरोखर दुःखाची गोष्ट दिसते. शिवाय खोकेही तिला वाचवत नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसे राहून गेले असेल तर तो धातू आतून फुगत जातो, तडकतो, आणि कोणी हात न लावलेल्या गाडीची चाकेसुद्धा काही वर्षांनी भुगा होऊन पडतात. सगळे संस्कार, म्हणजे घडलेल्या सगळ्या वस्तू, अनित्य आहेत हे बुद्धवचन पटवायला आणखी दाखला शोधायची गरज नाही.

हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट तपासायची राहते: त्या माणसाला आठवते ते नेमके काय? इथे कालिदासाची मदत होते, आणि ती याच भागातून घेता येते. कसाऱ्याच्या मार्गावरच्या टिटवाळ्याला कण्वांचा आश्रम होता, तिथला गणपती शकुंतलेने पुजला, अशी श्रद्धा आहे. लग्ने जुळावीत, दुरावलेली जोडपी एकत्र यावीत म्हणून लोक आजही तिथे जातात. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात राजा दुष्यंताला आतून राणी हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि तो अकारण कासावीस होतो. आपले प्रिय माणूस तर कोणी दूर नाही, मग ही हुरहुर कसली, असा त्याला प्रश्न पडतो, आणि मागल्या जन्मीचे जिव्हाळे मनाला नकळत आठवत असावेत असे तो स्वतःला समजावतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की मागला जन्म कशाला, याच जन्मातली शकुंतला आणि तिला दिलेला शब्द तो विसरला आहे. पुढे कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि सगळे लख्ख आठवते. आता लक्ष देण्याजोगी गोष्ट ही, की आठवण आल्यावर राजा त्या अंगठीला कवटाळून समाधानी होत नाही. सहाव्या अंकात तो तिलाच दूषणे देतो, कारण ती हातात आहे आणि जिच्यासाठी ती होती ती नाही. जुनी आगगाडी ही तशी अंगठी आहे. ती ज्याची खूण आहे तो एक संबंध आहे: आपण मागणारे होतो, आणि आपले मागणे ऐकून घेणारे कोणीतरी समोर होते. मराठी बालगीतातली आगगाडीसुद्धा गदिमांनी नुसती रुळांवरून पळवली नाही, मामाच्या गावाला नेली. गाडीचे सुख तिच्या शेवटच्या स्थानकात आहे, आणि त्या स्थानकावर कोणीतरी वाट पाहत असते.

खेळण्यातल्या गाडीवर आपल्या देशात सर्वांत खोल विचार शूद्रकाच्या मृच्छकटिकात झाला आहे असे मला वाटते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत नाटक करून मराठी माणसाच्या घरात आणले, तरी आपण ते वसंतसेना-चारुदत्ताचे प्रेमनाट्य म्हणूनच पाहतो आणि नाटकाला जिच्यावरून नाव मिळाले ती गाडी विसरतो. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला, ती गाडी शेजारी परत घेऊन गेले, आणि दासी रदनिकेने त्याला मातीची करून दिली. त्याला ती नको आहे. त्याला सोन्याचीच हवी. या हट्टावर शूद्रक प्रवचन देत नाही. दारिद्र्यातल्या मुलाने संतोष शिकावा असे तिथले एकही पात्र म्हणत नाही. वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी येते. ही तुझी आईच, असे रदनिका मुलाला सांगते, तेव्हा तो म्हणतो की हे खोटे. आई असती तर हिच्या अंगावर एवढे दागिने कसे असते? त्या घरातल्या आईच्या अंगावर दागिना उरलेला नाही, हे मुलाला पुरते कळते. हा एकच प्रश्न वसंतसेनेला हलवतो. ती अंगावरचे अलंकार उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि सांगते, याची सोन्याची गाडी करवून घे. तिच्या मनात काय झाले ते पाहा. मुलाची इच्छा तिने पुरवली असे वरवर दिसते, पण त्याआधी ती स्वतः बदलली. दागिने उतरवून ती त्याच्या आईसारखी झाली. आणि ही देणगी निर्वेध नाही. हेच दागिने पुढे न्यायालयात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ पक्का करतात. एका मुलाच्या खेळण्याच्या हट्टापायी एक सज्जन सुळापर्यंत जातो आणि थोडक्यात वाचतो. इच्छा पुरवणे ही गोड, निरुपद्रवी गोष्ट आहे असा शूद्रकाचा दावा नाही. तरी त्याने नाटकाला नाव त्या गाडीचेच दिले. बालपण आठवणारा माणूस फक्त गोडवा आठवतो, अश्रू गाळून टाकतो, असा आक्षेप स्मरणरंजनावर नेहमी घेतला जातो. या नाटकातली आठवण अश्रूंपासूनच सुरू होते, म्हणून तिला तो आक्षेप लागत नाही.

मग मोठेपणीचे मागणे, म्हणजे नवस, याच्याकडे कसे पाहायचे? मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे, आणि नवस बोलणारे-फेडणारे तिथे येतातच. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला, असा रोखठोक सवाल तुकोबांनी केला होता. कोणी म्हणेल, संतांनीच मागण्याची खोड मोडायला सांगितली, मग मुलांच्या यादीचे कौतुक कशाला? पण नवस आणि मुलाची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवसात अट असते: तू हे दे, मी ते वाहीन. मुलाच्या मागण्यात परतफेड नाही, कारण परत देण्याजोगे त्याच्याकडे काही नाही, आणि याची त्याला लाज वाटत नाही. तुकोबांचा राग त्या सौद्यावर आहे. स्वतः ते तर आयुष्यभर मागत राहिले. कीर्तनाच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगात धन नको, मोक्षही नको, देवाची आठवण तेवढी सुटू नये, असे मागणेच आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगताना काही हवे म्हणून येणाऱ्यालाही वगळलेले नाही, आणि ज्ञानी श्रेष्ठ म्हणतानाच चौघांनाही उदार म्हटले आहे. ध्रुवाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याची यादी एका ओळीची होती: बापाची मांडी. सावत्र आईने ती नाकारली म्हणून तो मधुवनात गेला. विष्णू भेटले, अढळपद मिळाले, आणि भागवत सांगते की घरी परतताना ध्रुव खिन्न होता. एवढा दाता समोर असताना आपण एवढेसेच कसे मागितले, याची त्याला खंत वाटत होती. पण ही खंत मागण्याबद्दल नाही. मांडी मागितली नसती तर तो मधुवनात गेलाच नसता. लहान मागणे वाटेवर मागे पडले, पण त्यानेच वाट दाखवली होती.

बौद्ध परंपरेने हीच गोष्ट थेट खेळण्याच्या गाड्यांवरून सांगितली आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या तिसऱ्या अध्यायात एक जुना वाडा पेटला आहे आणि आत मुले खेळण्यात गुंग आहेत. बाप ओरडतो तरी ती ऐकत नाहीत, कारण आग म्हणजे काय हेच त्यांना कळत नाही. मुलांना काय हवे असते हे बापाला माहीत आहे. तो म्हणतो, बाहेर या, बोकडाच्या, हरणाच्या, बैलाच्या गाड्या दारात उभ्या आहेत. मुले धावत बाहेर येतात, वाचतात, आणि बाप प्रत्येकाला सांगितल्याहून मोठी, सजवलेली बैलगाडी देतो. हे खोटे बोलणे झाले का, असा प्रश्न सूत्रात बुद्ध स्वतःच शारिपुत्राला विचारतात, आणि शारिपुत्र म्हणतो, नाही. नुसता जीव वाचला असता तरी ते खोटे ठरले नसते. तृष्णा हे दुःखाचे मूळ मानणाऱ्या परंपरेतला हा दृष्टांत आहे हे विसरू नये. गाडीची ओढ मारून टाका, असे इथे कोणी म्हणत नाही. ती ओढ आहे म्हणून मुलाला दाराकडे वळवता येते. मात्र बाहेर आलेल्या मुलाने पुन्हा आत शिरून जुनी गाडी शोधू लागावे, याला या दृष्टांतात जागा नाही. पतंजली आणि ययाती यांचा इशारा खरा आहे तो नेमका इथे.

या सगळ्या विवेचनावर एक आक्षेप असा येईल की त्याच्यापुढे शास्त्रार्थ थिटा पडतो. याद्या कोणाच्या? शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. भट्टीवर मोठे होणाऱ्या मुलाला काय हवे हे कोणी विचारले, की त्याने यादी करावी? बालपणीच्या हौसेची आठवण काढत बसणे हे पोट भरलेल्यांचे काम, असे कोणी म्हणाले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. उलट याच आक्षेपातून निवाड्याची वाट निघते. ज्याला मागताच आले नाही त्याला त्यागही करता येत नाही. त्याच्या अभावाला संतोष असे नाव देणे हा अधर्म आहे. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितले, तेही एका परीने मागण्यांची यादीच आहे, आणि तिच्यातला क्रम विचार करण्याजोगा आहे. आधी दुष्टांची वाकडी बुद्धी जावी, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, जीवांची एकमेकांशी मैत्री व्हावी. मग ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. ‘ज्याला’ यात वीटभट्टीवरचे मूल आले, आणि ‘जे’ यात त्याची पत्र्याची गाडीही आली. अमुक इच्छा हलकी म्हणून ज्ञानेश्वरांनी ती गाळली नाही. पण मैत्री आधी आणि प्राप्ती नंतर, हा क्रम त्यांनी मोडला नाही. स्वतःसाठी जुनी गाडी विकत घेणारा माणूस नकळत हा क्रम उलटवतो: वस्तू मिळते, समोर कोणीच नसते. म्हणून ती हातात आल्यावरही हुरहुर थांबत नाही, आणि माणूस दुसरी गाडी शोधू लागतो.

हरवलेला तो संबंध परत मिळवायचा तर मार्ग एकच दिसतो, आणि तो पलीकडच्या बाजूने आहे. मागणारे मूल पुन्हा होता येत नाही; देणारा होता येते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त स्वतःच अभावात वाढणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. त्याचे बालपण अजून संपलेलेही नाही, तरी तो त्या बाजूला जाऊन उभा राहिला आहे. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठून नाणेघाट चढले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख दिसतो. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण किती दिले, त्याची आकड्यांसकट मोजदाद तिथे दोन हजार वर्षे उभी आहे. यज्ञातून काय मागितले त्यापेक्षा काय दिले याला त्या लेखात जास्त जागा आहे. राजवैभवाचा दिमाख त्यात आहेच, तो नाकारायचे कारण नाही. तरी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर खोदली ती देण्याची यादी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आगगाडीच्या वेडालाही हे वळण लावता येते. भाऊसाहेब जोशींनी जन्मभर छोट्या आगगाड्या आणि त्यांचे एक अख्खे गाव उभे केले, आणि १९९८ साली ते पुण्यात कर्वे रस्त्यावर लोकांसाठी खुले केले. तिथल्या गाड्या खोक्यात नाहीत, धावतात. एका माणसाचा छंद तिथे येणाऱ्या मुलांचा झाला. हे स्मरण आहे, आणि याला वासना म्हणायला मी तयार नाही.

अजून कोणी म्हणेल, जुन्या वस्तू जपल्याच पाहिजेत. मुलांच्या हाती दिल्या तर पुढच्या पिढीला दाखवायला काय उरेल? संग्रहालयापुरता हा मुद्दा खरा आहे. एखाद्या जातीची शेवटची गाडी असेल तर ती काचेमागे राहावी. पण घरोघरच्या कपाटांत आहेत त्या बहुतेक गाड्या अशा शेवटच्या नाहीत, आणि ज्यांचा धातू आतून फुटतो आहे त्यांना कपाटही तारणार नाही. ज्यांनी लहानपणी मागितलेली गाडी आज स्वतःच्या पैशाने आणून ठेवली आहे, त्यांनी या पौष पौर्णिमेच्या आधी ती खोक्यातून काढावी, किल्ली फिरते का पाहावे, आणि किन्हवली-मुरबाडकडच्या एखाद्या वाडीवरच्या, नाही तर आपल्याच शेजारच्या मुलाला ती कायमची देऊन टाकावी. देताना त्या मुलाला आणखी काय हवे तेही विचारावे आणि लिहून घ्यावे. गाडीचा रंग उडेल आणि बाजारातली किंमत उतरेल. ती उतरू द्यावी.